पाणक्याची रजा

तीन आठवडे चालणाऱ्या त्या सायकल शर्यतीत रोज सकाळी दीडएकशे माणसं नटूनथटून निघतात, आणि त्यातली जिंकायला निघालेली पाचसहाच असतात. मग बाकीची कशाला निघतात, हा प्रश्न पाणक्याच्या वडिलांना पहिल्याच दिवशी पडला आणि पुढे कित्येक वर्षं त्यांनी तो घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारला.

“म्हणजे तू जिंकणार नाहीस,” संघात निवड झाल्याची बातमी घेऊन मुलगा घरी आला तेव्हा ते म्हणाले होते.

“नाही, बाबा.”

“प्रयत्न तरी करणार?”

“तसं नसतं ते. आमचा कॅप्टन जिंकणार. मी त्याला पाणी नेऊन द्यायचं.”

“का? त्याला हात नाहीत?”

ताई, म्हणजे पाणक्याची थोरली बहीण, आतल्या खोलीत शर्टाला बटण लावत होती. तिला इतकं हसू आलं की सुई बोटात गेली.

बाबांचं दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. हमरस्त्याला तोंड, मागे राहायच्या दोन खोल्या. दारातून आत शिरलं की मशीनच्या तेलाचा वास आधी भेटायचा, मग बाबा. भिंतीला चामड्याचे पट्टे टांगलेले, बरण्यांत बॉबिनी आणि स्क्रू, आणि टेबलावर पोट उघडं टाकलेलं एखादं मशीन. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बाबा त्याच्याकडे असे बघत की मशीनलाच ओशाळं वाटावं. पोरगा सायकलवाला झाला तो याच दुकानामुळे. दुरुस्त झालेली मशीनची डोकी गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचं काम त्याचं. डोकं म्हणजे ओतीव लोखंड. ते कॅरियरला करकचून बांधायचं आणि गावाबाहेरचा चढ चढायचा. दोनचार वर्षांत त्याच्या पोटऱ्या अशा झाल्या की पँट शिवणारा शिंपी तक्रार करू लागला.

पुढे जिल्ह्याच्या एका शर्यतीत तो चौथा आला. एका व्यावसायिक संघाचा मॅनेजर तिथे बघ्या म्हणून उभा होता. त्याने पहिल्या तिघांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“वजन घेऊन चढता येतं का?” त्याने चौथ्याला विचारलं.

“मशीनचं डोकं घेऊन चढतो.”

“मग बाटल्या म्हणजे तुला काहीच नाही,” मॅनेजर म्हणाला, आणि एवढ्यावर मुलाखत संपली.

शर्यतीतलं पाणक्याचं काम बघणाऱ्याला दिसत नाही, कारण बघणारा पुढे बघत असतो. घोळक्यातून हळूहळू मागे यायचं. संघाची गाडी मागून येत असते, तिच्या खिडकीला टेकायचं. मॅनेजर आतून बाटल्या देत जातो. पाठीच्या खिशांत कोंबायच्या, उरलेल्या जर्सीच्या गळ्यातून आत सोडायच्या, बर्फासारख्या थंड, पोटाला चिकटून. मग दिवस भरलेल्या बाईसारखं पोट सांभाळत सगळा घोळका ओलांडून पुन्हा पुढे जायचं आणि कॅप्टनपासून सुरुवात करून प्रत्येकाला पाजायचं. वारा समोरून आला की आपण वाऱ्यात जायचं, कॅप्टनला आडोशाला घ्यायचं. कॅप्टनचं चाक पंक्चर झालं की आपलं काढून द्यायचं आणि रस्त्याकडेला एका चाकाची सायकल धरून गाडीची वाट बघत उभं राहायचं. संध्याकाळी कॅप्टन व्यासपीठावर फुलांचा गुच्छ हलवत असतो, तेव्हा पाणक्या संघाच्या गाडीमागे, सायकली धुणाऱ्या मेकॅनिकच्या पाइपाखाली, उकिडवा बसून पायांवरची धूळ काढत असतो.

असे पाणके प्रत्येक संघात असतात. पण या पोराने ते इतकं मनापासून केलं, की सगळ्या घोळक्यात ‘पाणक्या’ म्हटलं की तोच मान वळवायचा. त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. मशीन झकास चाललं की नाव शिवणारणीचं होतं, आणि बंद पडलं की बाबांना हाक येते, हे तो लहानपणापासून बघत आला होता. बापलेकांचा धंदा एकाच जातकुळीचा आहे हे मात्र दोघांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर कुणी बोललं नाही.

घोळक्यात एक आजोबा होते. वय सदतीस. त्या धंद्यात हे वय म्हणजे काठी टेकायचं. डोक्यावर टक्कल, गुडघ्यांवर जुन्या जखमांचे चट्टे, आणि शर्यतीचा सगळा इतिहास तोंडपाठ. सपाट रस्त्याचा कंटाळवाणा दिवस असला, कुणालाच घाई नसली, की आजोबा सांगायला लागायचे आणि आसपासचे दहाबारा जण त्यांच्याभोवती सायकली आणायचे.

“ही शर्यत एका वर्तमानपत्राच्या मालकाने काढली,” ते सांगत. “खप वाढेना म्हणून. त्याचा हिशेब असा की माणसं मरेपर्यंत सायकल चालवतील, आणि कोण मेलं हे वाचायला लोक पेपर घेतील.”

“आणि मेलं कोण?”

“कुणी नाही. मालक मात्र श्रीमंत झाला.”

तेव्हाचे स्वार अंधारात निघायचे, सायकलला कंदील, खांद्याला आडवे टायर. रस्ते म्हणजे नुसता चिखल. सायकल मोडली तर आपली आपण जोडायची. एकाने वाटेत कुणाकडून हातोडी मागून घेतली तर त्यालाही दंड. एक पठ्ठ्या धुक्यात दुधाच्या गाडीत जाऊन बसला आणि शेवटच्या वळणाआधी उतरून पहिला आला. अंगाला घामाऐवजी दुधाचा वास मारत होता म्हणून सापडला. पाणके तेव्हाही होते. ते वाटेतल्या हॉटेलात घुसायचे, हाताला लागेल ते उचलून पळायचे, आणि मालक दारात उभा राहून त्यांच्या वाडवडिलांचा उद्धार करायचा. नंतर डांबर आलं, गाड्या आल्या, जाहिराती आल्या, टीव्ही आला, डोक्यावर हेलिकॉप्टर फिरायला लागलं.

“एवढं सगळं बदललं,” आजोबा म्हणत, “पण छापलेले नियम आणि न छापलेले नियम वेगळे, एवढं बदललं नाही.”

न छापलेल्या नियमांचे राखणदार तेच होते. कॅप्टन लोकांपैकी कुणी पडला तर त्याच्या पडण्याचा फायदा घ्यायचा नाही. सगळा घोळका लघवीला थांबला तर त्या वेळी पळ काढायचा नाही. आणि तिसरा नियम रजेचा. शर्यत एखाद्याच्या गावावरून जाणार असेल, तर त्याने आधी विचारायचं. घोळका रजा देतो. मग त्याने एकट्याने पुढे निघायचं, आपल्या दारात थांबायचं, आईला मिठी मारायची, पोराला उचलून घ्यायचं, आणि घोळका येऊन पोचला की मुकाट्याने त्यात शिरायचं. तो पुढे असेपर्यंत मागचे वेग वाढवत नाहीत. त्याने घरी थांबायचं, हे त्याला सांगावं लागत नाही.

पाणक्याला अकरा वर्षांत रजा कधी लागली नाही, कारण शर्यत कधी त्याच्या गावाकडे फिरकलीच नाही. वाट दरवर्षी बदलते. कधी वरून जायची, कधी समुद्राकडून. बाबांनी मुलाला शर्यतीत कधी पाहिलं नाही. दुकान बंद ठेवून पोरगा पाणी कसं वाटतो ते बघायला जायचं, ही कल्पनाच त्यांना विनोदी वाटायची. मग एका हिवाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, डोकंही, पण डावा हात लोंबकळायला लागला आणि पाय ओढत चालावं लागे. दुकान ताईने चालवायला घेतलं. बाबा खुर्चीत बसून तिच्या चुका काढत.

त्याच वर्षी शर्यतीची वाट जाहीर झाली आणि ती दुकानाच्या दारावरून जात होती.

“काल सकाळपासून खुर्ची बाहेर मांडून बघतायत,” ताईने फोनवर सांगितलं. “इथे ऊन येतं, तिथे खांब आडवा येतो. शेजारच्या न्हाव्याला सांगून ठेवलंय, त्या दिवशी पहाटे दाढी करायची. मला म्हणतात, तो थांबणार आहे ना? नक्की ना?”

“थांबणार म्हणून सांग. रजा मिळते.”

“अजून एक. हसू नकोस. म्हणतात, पोरगा सगळ्यांना पाणी पाजतो. त्या दिवशी त्याला मी पाजणार. स्वतः उभं राहून.”

“उभं राहता येतं?”

“येत नाही. पण सराव चाललाय. न्हावी मागून धरतो.”

त्या दिवशी सकाळी निघण्याआधी पाणक्याने कॅप्टनला विचारलं. कॅप्टन बुटाची पट्टी आवळत होता. “जा की,” तो म्हणाला, “माझ्या बाटल्या भरून दे आणि जा.” मग वाटेत पाणक्या आजोबांच्या शेजारी आला.

“वडील येणार?” आजोबांनी विचारलं.

“खुर्ची मांडून बसलेत सकाळपासून.”

“मग काय विचारतोस. जा. पोटभर भेट. आम्ही येऊच सावकाश.” आणि त्यांनी एक हात वर करून पुढच्यांना खूण केली. घोळक्याने एखाद्या लग्नघरच्या मंडळींसारखी वाट करून दिली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, आमचाही नमस्कार सांग.

डोंगर आदल्या दिवशी संपले होते. सगळ्यांचे पाय जड झाले होते. पाणक्या दिसेनासा झाला तशी घोळक्याला आठवण झाली की आपल्यालाही सकाळपासून लघवी लागली आहे. मग दीडशे माणसं शेताच्या कडेने रांगेत उभी राहिली, आणि त्यातल्या काहींनी गप्पाही मारल्या.

पुढे पाणक्या एकटाच होता. वारा पाठीमागून होता. रस्ता रिकामा, दोन्ही कडांना माणसं. हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं त्याने समोरच्याची पाठ पाहिली होती. सकाळीच जाहिरातींच्या गाड्या टोप्या आणि साबणाच्या वड्या उधळत गेल्या होत्या, त्यामुळे लोकांच्या डोक्यांवर पिवळ्या कागदी टोप्या होत्या. रस्त्यावर चुन्याने मोठाल्या अक्षरांत कॅप्टन लोकांची नावं लिहिलेली होती. त्यांच्यावरून तो जात होता, आणि टाळ्या मात्र त्याला मिळत होत्या.

तेवढ्यात पाटीवाला आला. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसणारा हा माणूस, हातात शाळेत असते तशी पाटी. मागचे किती मागे आहेत ते खडूने लिहून पुढच्याला दाखवायचं, एवढंच त्याचं काम. त्या काळी स्वारांच्या कानात यंत्रं नव्हती. पाटीवर लिहिलं ते खरं.

पाटीवर सहा मिनिटं होती.

“चुकली वाटतं,” पाणक्या म्हणाला.

पाटीवाल्याने मागच्या मोटारसायकलवाल्याला ओरडून विचारलं, बाहीने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. आता सात होती.

त्याला हसू आलं, आणि मग हसू गेलं. शेवटची रेषा त्याच्या गावाच्या पुढच्या गावात होती, तासाभराच्या आत. मधे एकच चढ, तोही तो, जो त्याने मशीनची डोकी बांधून शेकडो वेळा चढला होता. त्यातला खडा न् खडा त्याला माहीत होता. सात मिनिटं. आयुष्यात त्याला कुणी इतकं मोठं काही दाखवलं नव्हतं. उद्या पुन्हा बाटल्या होत्या. परवाही. पुढच्या वर्षी वय एकाने वाढणार होतं आणि वाट दुसरीकडून जाणार होती. त्याने हे सगळं असं ओळीने ठरवलं नाही. पण पाय आपोआप जोरात चालायला लागले, आणि त्याने त्यांना थांबवलं नाही. थांबू, घरी तर थांबू, असं तो पेट्रोल पंपापर्यंत स्वतःला सांगत होता.

पेट्रोल पंपाच्या वळणावरून रस्ता सरळ दुकानावर येतो. गर्दी होती, पण दुकानासमोर लोकांनी मुद्दाम जागा मोकळी सोडली होती. तिथे खुर्ची होती आणि खुर्ची रिकामी होती, कारण बाबा उभे होते. डोक्यावर पिवळी कागदी टोपी. जन्मभर ज्यांनी टोपी घातली नाही त्यांनी ती फुकट मिळाली म्हणून घातली होती. डावा हात लोंबकळत होता. उजवा पुढे, त्यात काचेचा पेला. न्हावी मागे हात धरून उभा होता, पण टेकवलेला नव्हता. बाबांनी टेकवू दिला नसणार. पेला काठोकाठ भरलेला. हात थरथरत होता आणि पाणी सांडत होतं. ते सांडणारं पाणीसुद्धा त्याला दिसलं. दिसलं नाही असं तिथे काही नव्हतं.

त्याची बोटं ब्रेकवर गेली. ब्रेकचा लोखंडी थंडपणा त्याला जाणवला. बाबा हसत होते. शेजारी ताईने दोन्ही हात वर केले होते, मिठीसाठी आधीच तयार.

मग त्याने बोटं काढली, मान खाली घातली आणि तो गेला.

लोकांना वाटलं, पोरगा जिंकायला निघाला. असा टाळ्यांचा कडकडाट झाला की पुढच्या चौकापर्यंत ऐकू येत होता.

घोळक्याला हे पाटीवाल्याकडून कळलं. पाणक्या घरी थांबला नाही. आजोबांनी जर्सीची चेन गळ्यापर्यंत ओढली, गिअर बदलला आणि स्वतः पुढे आले. सदतीस वर्षांचा माणूस वाऱ्यात पुढे. मग ज्या संघांचं एकमेकांशी वर्षभर पटत नव्हतं ते संघही पुढे आले. एरवी असल्या दिवशी एखाद्या पाणक्याला कुणी जिंकूही दिलं असतं. कुणाचं काय जात होतं. पण आता सगळे एकदिलाने ओढत होते.

चढावर त्याची सात मिनिटं चार झाली, चाराची दोन. मशीनची डोकी घेऊन चढणारा पोरगा वीस वर्षांचा होता. हा तेहतीस वर्षांचा होता आणि त्याच्या पायांत पंधरा दिवसांचे डोंगर होते. शेवटच्या गावाच्या अलीकडच्या पुलावर त्याला मागून चाकांचा आवाज आला. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला वळून बघावं लागत नाही.

ते एकेक करून त्याला ओलांडून गेले. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त आजोबा बरोबरीने आले तेव्हा क्षणभर थांबल्यासारखे झाले.

“वडील बरे आहेत ना?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

आजोबा पुढे गेले.

घोळक्याच्या शेपटाला तरी लागावं म्हणून त्याने जोर केला. पण जिथे जिथे फट दिसत होती तिथे तिथे कुणीतरी सायकल थोडी सरकवून ती बुजवत होतं. आडोसा कुणी दिला नाही. एकेक चाक त्याच्यापासून सुटत गेलं. रेषेवर तो पोचला तेव्हा कमान उतरवायला माणसं शिड्या लावत होती.

“जिंकला असतास तर मी वेगळं भाषण केलं असतं,” मॅनेजर गाडीच्या दारात बसून म्हणाला. “आता काय बोलू? कॅप्टन तासभर तहानलेला होता.”

रात्री हॉटेलात त्याने घरी फोन करायला म्हणून रिसीव्हर उचलला, आणि ठेवून दिला. शर्यतीचे उरलेले दिवस त्याने बाटल्या वाहिल्या. लोक त्याच्या हातून घेत, रिकाम्या टाकून देत. पाणक्या म्हणून कुणी हाक मारली नाही. नुसतं बोटाने दाखवत. हंगाम संपल्यावर त्याला संघातून काढलं असं कुणी म्हणणार नाही. पुढच्या हंगामासाठी फोन यायचा असतो, तो आला नाही.

शर्यत संपून तो घरी आला तेव्हा दुकानात मंडळी जमली होती. न्हावी होता, वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई होती, गल्लीतले आणखी चारदोन. पाणक्या दारातच घुटमळला. त्याला बघून बाबांनीच तोंड उघडलं, आणि तेही चढ्या आवाजात.

“आला का? ये. अरे, काय ती गर्दी. मी सांगत होतो यांना, त्याला मी दिसलोच नसणार. आणि डोक्यावर ती पिवळी टोपी. आरशात मीच मला ओळखलं नसतं.”

सगळे हसले.

“गर्दी तर होतीच,” न्हावी म्हणाला. “माझे स्वतःचे पाय मला दिसत नव्हते.”

“पाण्याचं काय झालं?” शिवणवाल्या बाईने विचारलं.

“मीच प्यायलो,” बाबा म्हणाले. “तहान लागली होती. सकाळपासून उन्हात होतो.”

पुन्हा सगळे हसले. पाणक्यानेही ओठ हलवले. लोक पांगले, ताई आत गेली. बाबा एका हाताने मशीनच्या सुईत दोरा ओवायची खटपट करत होते. तो जवळ गेला, दोरा घेतला. बाबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“दिसलो होतो का रे मी?” त्यांनी विचारलं. आवाज आता चढा नव्हता.

दोरा सुईतून गेला. त्याने तो पलीकडून ओढून घेतला, लागत होता त्याहून जास्त.

“नाही, बाबा. नाही दिसलात.”

बाबांनी मान हलवली. “तेच म्हणतो मी सगळ्यांना,” ते म्हणाले आणि पट्टा चढवायला वाकले.

त्यानंतर तो दुकानातच राहिला. बाबांचा डावा हात झाला, हे ताईचं म्हणणं, आणि ते शब्दशः खरं होतं. मशीन डावीकडून धरायचं, तिरकं करायचं, बाबांना उजव्या हाताने स्क्रू फिरवता यावा म्हणून. “धर. अजून. सोड. सोड म्हटलं की सोडायचं, विचार करायचा नाही.” त्याच्याशिवाय त्यांना चालेना आणि त्याच्यावाचून दुसऱ्या कुणावर ओरडताही येईना. दोघांचं बरं जमलं. खरं सांगायची संधी त्याला रोज मिळत होती. दोघं एकाच मशीनवर वाकलेले, डोक्याला डोकं लागेल एवढ्या अंतरावर. कितीदा त्याने वाक्य जुळवलं. ‘बाबा, त्या दिवशी’ इथपर्यंत ते तोंडातही आलं. मग गिऱ्हाईक यायचं, नाहीतर बाबांच्या हातून स्क्रू पडायचा आणि दोघं टेबलाखाली शोधायला लागायचे. स्क्रू सापडला की त्याला सुटल्यासारखं वाटायचं. बाबा मात्र संधी सोडत नसत. दुकानात कुणी सायकलीचा विषय काढला की ते हटकून सांगायचे, याला मी दिसलोच नाही, गर्दी केवढी. सांगताना पाणक्याकडे बघत नसत.

असे सहा हिवाळे गेले. सातव्यात बाबा गेले, दोन दिवसांच्या तापाने, हॉस्पिटलात, कुणाला फारसा त्रास न देता. एकदा त्याने त्यांच्या कानाशी वाकून सांगायला तोंड उघडलंही होतं. नर्स सलाईन बदलायला आली.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस तो आणि ताई दुकानात बसले होते. ताई एका मशीनची धूळ ब्रशने काढत होती. शेजारी न्हाव्याच्या टीव्हीवर शर्यत चालू होती, निवेदकाचा आवाज भिंतीतून येत होता. पाणक्याने एकदम सांगून टाकलं.

“ताई, त्या दिवशी मला बाबा दिसले होते.”

ताईचा ब्रश थांबला नाही. “माहीत आहे.”

“कसं?”

“रात्रीच्या बातम्यांत दाखवलं. सगळा दिवस थोडक्यात दाखवतात ना, त्यात. न्हावीदादांकडे बसलो होतो आम्ही सगळे. तू मान वळवलीस, सरळ आमच्याकडे बघितलंस. तुझा चेहरा केवढा मोठा आला होता टीव्हीवर.”

“आम्ही सगळे म्हणजे?”

“सगळे. अर्धी गल्ली. बाबा खुर्चीत होते, दाढीच्या.”

त्याने विचारलं, “बाबा काय म्हणाले?”

“म्हणाले, पोरगा वाळलाय.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि घरी येताना म्हणाले, विचारलं कुणी तर सांगायचं, गर्दी होती. न्हावीदादा पण बरोबर होते.”

“मग मला कशाला विचारलं त्यांनी? माहीत होतं तर?”

ताईने ब्रश टेबलावर आपटून झाडला. “तुला सांगायचं असेल तर सांगता यावं म्हणून असेल. मला काय माहीत. तू नाही म्हणालास. मग ते तसंच सांगत राहिले सगळ्यांना. त्यांना तरी काय पर्याय ठेवलास?”

शेजारी टीव्हीवर टाळ्या वाजत होत्या. कोणीतरी कुठेतरी पोचलं होतं.

म्हणजे गल्लीत ज्याला ज्याला हे माहीत नाही असं तो समजत होता त्या सगळ्यांना माहीत होतं. शिवणवाल्या बाईला, चहावाल्याला. सहा वर्षं सगळ्यांनी ते बाबांच्या शब्दाखातर सांभाळलं होतं, आणि ते आपलं एकट्याचं आहे असं वाटून तोही सांभाळत बसला होता.

आठवड्याभराने तो दाढीला गेला. बाकावर एक नवखा गृहस्थ नंबर लावून बसला होता, वरच्या गल्लीत नुकताच राहायला आलेला. टीव्हीवर शर्यत होती. गृहस्थाने कुठूनतरी ऐकलं होतं, की खुर्चीतल्या माणसाने एकेकाळी ही शर्यत केली आहे आणि ती त्याच्या दारावरून गेली आहे.

“वडिलांना भेटायला थांबला नाहीत म्हणे तुम्ही?” त्याने आपुलकीने विचारलं.

पाणक्याचा गळा साबणाच्या फेसाने माखला होता. वस्तरा हनुवटीखाली होता. समोरच्या आरशात त्याला न्हावी दिसत होता, आणि न्हावी आरशात बघत नव्हता.

“गर्दी होती हो,” न्हावी गृहस्थाला म्हणाला. “याला वडील दिसलेच नाहीत. ते स्वतः सांगायचे. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.” मग जरा थांबून, हलक्या आवाजात, “काय रे?”

त्याने वस्तरा गळ्यापासून लांब धरला, पाणक्याला बोलता यावं म्हणून.

“हो,” पाणक्या म्हणाला. “फार गर्दी होती.”

न्हाव्याने त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि उरलेली दाढी करायला घेतली.